मिरवायचे टंबलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टंबलर म्हणजे पेय गार किंवा गरम ठेवणारे दुहेरी भिंतीचे मोठे स्टीलचे भांडे. ते हौसेने मिरवायची ही टूम अमेरिकेत निघाली आणि तिथेच सर्वांत जोरात चालली, त्यामुळे खालच्या किमती डॉलरमध्ये आहेत आणि बहुतेक उदाहरणेही तिथलीच. धातू, झाकण आणि साफसफाईबद्दलची उत्तरे मात्र दुहेरी भिंतीच्या कोणत्याही टंबलरला लागू पडतात.

पाणी प्यायच्या भांड्याला प्रतिष्ठा येते तरी कशी?

पहिली अट, वस्तू मिरवता यायला हवी. टंबलर दिवसभर हातात, टेबलावर, गाडीत, जिममध्ये आणि व्हिडिओ कॉलच्या चौकटीत असतो. फ्रीज कितीही भारी घेतला तरी तो पाहायला कोणीतरी घरी यावे लागते. दुसरी अट, वस्तू लांबून ओळखू यावी. स्टॅनली या अमेरिकी कंपनीच्या क्वेंचर या टंबलरचा मोठा कान, खाली एकदम निमुळता होणारा बुंधा आणि वर उभी स्ट्रॉ ही आकृती नाव न वाचताही कळते. तिसरी अट किमतीची. ४० औंसाचा, म्हणजे सुमारे १.१८ लिटरचा क्वेंचर ऐन भरात ४५ डॉलरला मिळत होता. पाण्याच्या भांड्याला ही रक्कम जास्तच, पण नामांकित पर्सपुढे किरकोळ. ‘एवढे पैसे टंबलरला?’ असे वाटते खरे, तरी थोडी हौस केली की परवडतो.

थंडावा किती वेळ टिकतो, हे या अटींमध्ये मुद्दामच धरलेले नाही. तितकाच वेळ बर्फ टिकवणारे टंबलर निम्म्या किमतीत मिळतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दर्जा वाईट असेल तर टूम टिकणार नाही हे खरे, पण चांगल्या दर्जामुळे ती निघत नाही.

हार्वे लायबेन्स्टाइन या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये मागणीच्या दोन उलट ओढी मांडल्या होत्या. सगळ्यांकडे आहे म्हणून मलाही हवे, ही एक. सगळ्यांकडे झाले म्हणून मला नको, ही दुसरी. बहुतेक वस्तूंना या दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. टंबलर कंपन्यांनी त्या रंगावर सांभाळल्या. आकार सगळ्यांचा एक, म्हणून कळपात सामील झाल्याचे समाधान. रंग थोड्यांकडेच, म्हणून वेगळेपणही शाबूत. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचे मूळ इथे आहे.

स्टॅनली तर कामगारांच्या थर्मासची कंपनी. ती अचानक फॅशनमध्ये कशी आली?

विल्यम स्टॅनली ज्युनियर यांनी १९१३ मध्ये संपूर्ण पोलादी निर्वात बाटली तयार केली. त्याआधीच्या थर्मासमध्ये आत काच असायची आणि पडली की फुटायची. पुढची शंभर वर्षे या कंपनीचा माल म्हणजे कामाच्या ठिकाणी आणि कॅम्पिंगला नेण्याची हिरवी बाटली. गिऱ्हाईक मुख्यतः पुरुष.

क्वेंचर २०१६ मध्ये बाजारात आला आणि फारसा चालला नाही. २०१९ पर्यंत कंपनीने त्याच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली होती. तो वाचवला ‘द बाय गाइड’ या खरेदीविषयक साइटने. युटा राज्यातल्या तीन स्त्रिया ती चालवत होत्या. त्यांना हा टंबलर आवडला होता, पण दुकानात मिळेनासा झाला. त्यांनी कंपनीकडून ५,००० नग घाऊक भावात, स्वतःच्या जोखमीवर उचलले. ते काही दिवसांत संपले आणि पुढचे ५,००० तासाभरात. कंपनीला त्यातून कळले की हे भांडे विकत घेणारी बाई आहे, तिच्या हातात दिवसभर गाडीची चावी, मूल आणि फोन असतो आणि हिरव्या रंगात तिला अजिबात रस नाही.

२०२० मध्ये टेरेन्स रायली अध्यक्ष झाले. ते आधी क्रॉक्स या पादत्राणांच्या कंपनीत मार्केटिंग प्रमुख होते, म्हणजे रंग, कलाकारांशी भागीदारी आणि मोजका माल यांवर साधी वस्तू कशी खपवायची हे त्यांना पाठ होते. तोच कित्ता इथे गिरवला गेला. कंपनीची वार्षिक विक्री २०१९ मध्ये सुमारे ७.३ कोटी डॉलर होती. २०२३ साठी ७५ कोटींच्या घरातला आकडा प्रसिद्ध झाला.

याआधीही अशा टुमा येऊन गेल्या का?

दर चार-पाच वर्षांनी. नाल्जीनच्या बाटल्या मुळात प्रयोगशाळेसाठी प्लॅस्टिकची भांडी बनवणाऱ्या कंपनीच्या. त्या गिर्यारोहकांनी उचलल्या आणि पुढे कॉलेजांत पसरल्या. २००८ मध्ये पॉलीकार्बोनेट या प्लॅस्टिकमधल्या बीपीए या रसायनावरून काहूर उठले, कंपनीने साहित्य बदलले आणि दरम्यान बरेच ग्राहक स्टीलकडे वळले. २०१० मध्ये आलेली स्वेलची निमुळत्या गळ्याची बाटली ऑफिसातल्या टेबलांवर दिसू लागली. येटीने २०१४ मध्ये रॅम्बलर आणला. त्याआधी ही कंपनी शिकार-मासेमारीवाल्यांसाठी महागडे आइसबॉक्स विकायची, त्यामुळे रॅम्बलरला रांगडा रुबाब आपोआप मिळाला. २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींच्या हाती स्टिकर चिकटवलेला हायड्रो फ्लास्क आला, मग क्वेंचर, आणि त्याच्या पाठोपाठ ओवालाची फ्रीसिप.

या यादीत प्रत्येक वेळी एका विशिष्ट गटाची वस्तू दुसऱ्या गटाने उचललेली दिसेल. सर्वांसाठी म्हणून काढलेला टंबलर सहसा कोणाचाच होत नाही.

एकाच टंबलरचे इतके रंग काढणे कंपनीला परवडते कसे?

पावडर कोटिंगमुळे. स्टीलच्या भांड्यावर विद्युतभारित कोरडी रंगपूड फवारतात, ती चिकटून बसते आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून एकसंध थर होतो. रंग बदलायचा तर पूड बदलायची आणि फवारणी-कक्ष साफ करायचा. साचा, वेल्डिंग, निर्वात करण्याची भट्टी, झाकण, सगळे तेच राहते. नवा आकार काढायला साचे आणि चाचण्या लागतात, नव्या रंगाला त्यामानाने फारच थोडा खर्च येतो. ग्राहकाला जे सर्वांत दुर्मीळ वाटते तेच कारखान्यात सर्वांत सहज बदलता येते. या धंद्याची खरी गंमत ही आहे.

सरळ रंगछटांपेक्षा दोन रंगांची उतरण, चकचकीत थर किंवा छापील नक्षी यांना जास्त टप्पे लागतात आणि नासही जास्त होते, म्हणून त्या प्रकारांची किंमत थोडी चढी असते.

लिमिटेड एडिशन घेऊन पुन्हा विकले तर पैसे सुटतात का?

क्वचित. जानेवारी २०२४ मध्ये टार्गेट या अमेरिकी साखळी दुकानांत व्हॅलेंटाइनचे गुलाबी-लाल क्वेंचर आणि स्टारबक्ससाठीचा गुलाबी क्वेंचर आला. लोक पहाटेपासून रांगा लावून उभे राहिले आणि ऑनलाइन फेरविक्रीत दोनशे डॉलरच्या पुढचे भाव दिसले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिल इथे ६५ स्टॅनली वस्तू, सुमारे २,५०० डॉलरचा माल, चोरल्याच्या आरोपावरून एका महिलेला अटक झाली. असे आकडे लक्षात राहतात. बाकीच्या शेकडो रंगांचे भाव महिनाभरात मूळ किमतीवर येतात.

हिशेब असा करा. ४५ डॉलरचा टंबलर, विक्रीकर धरून समजा ४८.५०. तो ८० डॉलरला विकला. ईबेसारख्या ठिकाणी शुल्क साधारण १३ टक्के, म्हणजे १०.४० गेले. खोके आणि पाठवणी धरून १३ गेले, कारण हे भांडे अवजड आणि बेढब आकाराचे आहे. हाती ५६.६० आले, म्हणजे सुटले जेमतेम आठ डॉलर, आणि रांगेतले तास वेगळेच. भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी गाळून पाहा. मागायला काय, कोणी हजारही मागेल.

क्वेंचरच्या रचनेत खरोखर काही खास आहे का, की नुसताच गाजावाजा?

तीन गोष्टी खऱ्या आहेत. बुंध्याचा व्यास सुमारे ८ सेंटीमीटर असल्याने सव्वा लिटरच्या आसपासचे भांडे गाडीच्या कप होल्डरमध्ये बसते. कानामुळे भरलेला टंबलर एका हाताने उचलता येतो. आणि स्ट्रॉमुळे गाडी चालवताना मान मागे टाकावी लागत नाही.

याच तीन गोष्टींचे तोटेही आहेत. भांडे रिकामे असतानाच ६०० ग्रॅमच्या पुढे जाते, भरल्यावर पावणेदोन किलोच्या आसपास. वजन वर आणि बुंधा अरुंद, त्यामुळे धक्का लागला की कलंडते. झाकणावरची फिरती चकती तीन जागी थांबते: स्ट्रॉसाठी, थेट पिण्यासाठी आणि बंद. त्यातली ‘बंद’ म्हणजे पाणी उसळण्यापासून बचाव. पिशवीत आडवे टाकले तर गळणारच. आतल्या पाण्याने लॅपटॉप भिजल्याच्या बहुतेक तक्रारींचे कारण हेच. बॅगेत ठेवायचे असेल तर आटे आणि सिलिकॉनची रिंग असलेले, घट्ट बंद होणारे झाकणच घ्या, मग ते कोणत्याही कंपनीचे असो.

गाडी जळाली तरी टंबलरमध्ये बर्फ राहिला, तो व्हिडिओ खरा होता का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये टिकटॉकवर तो व्हिडिओ पसरला आणि रायली यांनी त्या ग्राहकाला नवी गाडी देऊ केली. जाहिरातीवर करोडो खर्चूनही असा परिणाम मिळत नाही.

विज्ञान मात्र साधे आहे. दोन भिंतींमधली हवा काढलेली असल्याने वहन आणि अभिसरण जवळपास थांबते. चांगल्या भांड्यांत आतल्या भिंतीला तांब्याचा मुलामा असतो, तो प्रारणाने येणारी उष्णता परतवतो. शिवाय एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक लिटर पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापेल. आग काही मिनिटांची असेल तर आतला बर्फ पूर्ण वितळायला तेवढा वेळ पुरत नाही. बऱ्याच कंपन्यांचे दुहेरी भिंतीचे टंबलर हेच करून दाखवतील. पण कॅमेऱ्यासमोर होता तो स्टॅनलीचा.

कंपनी म्हणते दोन दिवस बर्फ टिकतो. माझ्याकडे तर आठ तासांत संपतो. का?

दावा असतो तो काठोकाठ बर्फ भरलेल्या, न उघडलेल्या भांड्याचा. प्रत्यक्षात आपण अर्धे पाणी ओततो, स्ट्रॉचे भोक उघडे ठेवतो आणि दर तासाला नळाचे कोमट पाणी घालतो. झाकण प्लॅस्टिकचे असते, त्यात निर्वात पोकळी नसते; उष्णता मुख्यतः तिथूनच शिरते. गरम पेय तर आणखी लवकर निवते: ९० अंशांची कॉफी आणि २२ अंशांची खोली यांत ६८ अंशांचा फरक आहे, बर्फाच्या पाण्याच्या बाबतीत जेमतेम २२ अंशांचा.

उपाय: आधी गार पाणी भरून दहा मिनिटे ठेवा आणि ओतून टाका. मग निदान अर्धे भांडे बर्फ, शक्यतो मोठे तुकडे, वर फ्रीजमधले पाणी. मधे भर घालताना गारच पाणी घाला.

निर्वात पोकळी गेली आहे का, हे घरी कसे तपासायचे?

उकळते पाणी ओता, झाकण न लावता पाच मिनिटे थांबा आणि बाहेरून हात फिरवा. काठाजवळचा एक-दोन सेंटीमीटर पट्टा गरम लागणारच, कारण तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. मधला किंवा खालचा भाग गरम लागला तर हवा आत शिरली आहे. बर्फाचे पाणी भरल्यावर बाहेर दव धरणे ही दुसरी खूण. दुरुस्ती होत नाही. वॉरंटी असेल तर बदलून घ्या.

कारणे बहुधा दोनच. बुंध्यावर आपटणे, किंवा फ्रीझरमध्ये ठेवणे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आतली भिंत ताणली जाते आणि वेल्ड किंवा तळाची सीलबंदी तडकते.

टंबलरमध्ये शिसे असते म्हणतात. घाबरायचे का?

तळाशी एक बारीक भोक ठेवून हवा काढतात आणि ते भोक एका छोट्या गोळीने वितळवून बंद करतात. अनेक कारखान्यांत त्या गोळीत थोडे शिसे असते. स्टॅनलीने जानेवारी २०२४ मध्ये हे मान्य केले आणि ती गोळी स्टीलच्या टोपीखाली झाकलेली असल्याचे सांगितले. टोपी जागेवर असेपर्यंत ते शिसे पेयाला लागत नाही, हाताला लागत नाही. हायड्रो फ्लास्कने शिसे नसलेली पद्धत दशकापूर्वीच स्वीकारली होती.

धोका आहे तो तळाची टोपी निघाल्यावर, आणि लहान मुलांच्या बाबतीत जास्त, कारण ती भांडे उलटे करून चाटतात. ग्रीन स्प्राउट्स या कंपनीच्या लहान मुलांच्या सुमारे १०,५०० स्टील कप-बाटल्या २०२२ मध्ये अमेरिकेत नेमक्या याच कारणाने परत मागवल्या गेल्या. महिन्यातून एकदा टंबलर उलटा करून पाहा. मधली गोल चकती हलत असेल, निघाली असेल किंवा करड्या रंगाचा ठिपका उघडा दिसत असेल तर वापर त्या दिवसापासून बंद.

स्टॅनलीने लाखो मग परत मागवले होते, त्यात क्वेंचर होता का?

नव्हता. डिसेंबर २०२४ ची ती कारवाई स्विचबॅक आणि ट्रिगर अ‍ॅक्शन या प्रवासी मगांपुरती होती. अमेरिकेत सुमारे २६ लाख नग. उष्णता आणि पीळ यांमुळे झाकणाचे आटे आकसून झाकण निघू शकत होते, आणि जगभरातून भाजल्याच्या ३८ घटना नोंदल्या गेल्या होत्या. तुमच्याकडे हे मग असतील तर कंपनी बदली झाकण देते.

नकली माल कसा ओळखायचा?

किंमत आणि साइटचा पत्ता आधी पाहा. ‘साठा संपवायचा आहे, ४५ चा टंबलर १० ला’ अशी जाहिरात आली की अक्षरेही नीट वाचा. कंपनीच्या नावात एखादे जास्तीचे अक्षर किंवा ‘आउटलेट’ ‘क्लिअरन्स’ असे शेपूट असते. हातात आल्यावर वजन, काठाची गुळगुळीत कड, चकती फिरताना प्रत्येक जागी लागणारा ठाम खटका आणि तळावरची खोदीव माहिती पाहा. लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे स्टील फारसे चुंबकीय नसते, पण दाबून आकार दिलेल्या जागी तेही थोडे चिकटते. नकली वस्तूत खरी काळजी रंगाच्या थराची आणि तळाच्या सीलची, नावाची नव्हे.

मुलगी म्हणते वर्गात सगळ्यांकडे तोच आहे. घ्यावा का?

जानेवारी २०२४ च्या सुमारास साधा टंबलर आणला म्हणून मुलींना शाळेत चिडवल्याच्या तक्रारी अमेरिकेतल्या पालकांनी मांडल्या होत्या, तेव्हा हा हट्ट पोकळ म्हणून उडवून लावू नये. पण ४० औंसाचा टंबलर दहा वर्षांच्या मुलीला पेलत नाही, दप्तराच्या कप्प्यात बसत नाही आणि गळतो. घ्यायचाच तर १४ किंवा २० औंसाचा, नेहमीच्या साठ्यातल्या रंगात घ्या. आकार तोच दिसतो, काम भागते. लिमिटेड रंगाच्या मागे लागू नका. पुढच्या सहा आठवड्यांत दुसरा येतो आणि तिथून पुढे अंत नाही.

एवढा मोठा टंबलर घेतल्याने पाणी जास्त प्यायले जाते का?

समोर भरलेले असेल तर घोट घेतला जातो, एवढे खरे. अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीजचा सर्वसाधारण अंदाज स्त्रियांसाठी रोज एकूण २.७ आणि पुरुषांसाठी ३.७ लिटर पाण्याचा आहे. त्यात सगळी पेये येतात आणि साधारण पाचवा हिस्सा अन्नातून मिळतो. तेव्हा ४० औंसाचे दोन टंबलर बहुतेक स्त्रियांना पुरून उरतात.

वास येतो, स्ट्रॉमध्ये काळे दिसते. साफ कसे करायचे?

काळे डाग म्हणजे बुरशी, आणि ती तीन जागी धरते: सिलिकॉनच्या रिंगेखालची खाच, चकतीची खालची बाजू आणि स्ट्रॉचा आतला वाकडा भाग. भांडे डिशवॉशरला चालत असले तरी झाकण जोडलेल्या अवस्थेत टाकले तर या जागा कोरड्याच राहतात.

रिंग बोथट वस्तूने उचकटा, चाकूने नको. चिरली की गळती सुरू. सगळे सुटे भाग कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, मग बारीक ब्रशने घासा. पांढरा क्षाराचा थर असेल तर सोड्याऐवजी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. दोन्ही एकत्र घालू नका: ते एकमेकांना मारतात, आणि झाकण लावलेले असेल तर वायू साठून ते उडते. ब्लीच टाळा, क्लोरिनमुळे स्टीलवर सुईच्या टोकासारखे खड्डे पडतात. रिंग बसवण्याआधी खाच पूर्ण वाळू द्या. बुरशी परत येते ती बहुधा या घाईमुळे. दूध किंवा प्रोटीन शेक प्यायल्यावर दोन तासांच्या आत धुवा.

टूम उतरू लागली हे कशावरून कळते?

सणासुदीचे रंग स्वस्त होणे ही खूण नव्हे, उरलेला माल विकावाच लागतो. नेहमीच्या रंगांवर सूट लागली, फळीवर माल महिनोन्‌महिने पडून राहू लागला आणि आधी मिरवणाऱ्यांच्या हातात दुसरेच काही दिसू लागले, की समजावे. स्टॅनलीच्या बाबतीत हे २०२४ मध्ये दिसू लागले. त्याच वर्षी रायली पुन्हा क्रॉक्सच्या पंखाखालच्या हेडूड या पादत्राणांच्या ब्रँडकडे गेले. ‘पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून पर्यावरणाला बरा’ हा दावाही इथेच तपासून पाहावा. स्टीलचे एक भांडे बनवायला एका कागदी कपापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते आणि ती भरून निघते वर्षानुवर्षे तेच वापरल्यावर. फळीवर रंगवार मांडलेले पंधरा टंबलर त्यात बसत नाहीत.

नको झालेल्या टंबलरचे काय करायचे?

चांगला असेल तर झाकण आणि स्ट्रॉ नवीन लावून कोणाला तरी द्या. सुटे भाग बऱ्याच कंपन्या विकतात. पोकळी गेलेला असेल तर पेनस्टँड होतो. भंगारात देताना झाकण, स्ट्रॉ, कानाचे प्लॅस्टिक आणि सिलिकॉन काढून फक्त स्टील द्या. घरच्या पुनर्वापराच्या डब्यात टाकण्याआधी तिथे रंगवलेले स्टील घेतात का ते विचारा. घेत नसतील तर धातूचे भंगार घेणारा दुकानदार घेतो.